पुढचा दांडा

"पमे, त्याला सांग, ही आंबोळी हाय."

"पमाताय, त्यांना सांग, आंबोळीचं पीठ आंबवायला लागतं. हे घावन हाय. जाळी बघा म्हणावं, जाळी."

दोघं समोरासमोर बसले होते. मधलं टेबल इतकं अरुंद की एकाचा गुडघा हलला तर दुसऱ्याचा पेला हिंदकळायचा. तरी निरोप माझ्यामार्फतच. मी दुभाष्याचं काम करत होते, मराठीतून मराठीत.

"अंकुशदादा, दत्ता म्हणतो हे घावन आहे."

"ऐकलं मी."

"मग त्यालाच सांग ना काय ते."

"त्याला? माझं काय काम त्याच्याकडे?"

खाणावळीची मालकीण मादाम ल बिहान तिसरी थाळी घेऊन आली. सत्तरीच्या पुढची, बुटकी, रुंद मनगटांची बाई. काळ्या गव्हाच्या पिठाचं ते पातळ, जाळीदार धिरडं, आत अंडं आणि चीज, चारी बाजूंनी दुमडलेलं. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रतान्यच्या किनाऱ्यावर, गरिबाचं जेवण म्हणजे हेच. सोबत सफरचंदाची आंबूस दारू, चहाच्या वाडग्यातून.

"यांना आवडलं नाही का?" तिने मला विचारलं.

"आवडलं. नावावरून वाद चाललाय."

"बरोबर आहे. खाडीपलीकडच्या गावातही याला दुसरं नाव आहे. तिथली माणसं मूर्ख आहेत."

मी ते मराठीत सांगितलं. दोघांनी एकदम मान डोलावली. सकाळपासून दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

काय नेऊ नये

भावकी. बाकी काहीही न्या. पंप, जादा ट्यूब, रेनकोट, लोणच्याची बाटलीसुद्धा.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीला लागून. भुवडांची घरं तीन: थोरलं, मधलं, धाकटं. शिमग्यात वाघजाईची पालखी निघते, दारोदार जाते, प्रत्येकाच्या अंगणात नाचते. पालखीला एक दांडा पुढे, एक मागे. पुढचा दांडा धरायचा मान कुणाचा, यावर थोरल्या आणि धाकट्या घराचं वाजलं. थोरलं घर म्हणतं, आम्ही थोरले, आणखी काय सांगायचं? धाकटं म्हणतं, देवी खाडीत सापडली ती आमच्या पणजोबाच्या जाळ्यात. एका शिमग्याला दोन्ही घरच्या लोकांनी पुढचाच दांडा धरला. मागे कुणीच उरलं नाही. पालखी मागच्या मागे कलंडली, डोकी फुटली, पोलीस आले. पालखीच्या खोलीला कुलूप लागलं, आणि दोन्ही घरांच्या सह्या झाल्याशिवाय किल्ली द्यायची नाही असं ठरलं. त्यानंतर गावात शिमगा नुसता कॅलेंडरवर यायचा.

मधलं घर आमचं. मधल्या घराला मान नाही, त्यामुळे भांडणही नाही. मुलगाही नाही. मी एकटी लेक, ती नवऱ्याच्या नोकरीपायी फ्रान्समध्ये. घरात माझे वडील, तात्या. छातीत पाणी होत होतं. डॉक्टर गोल गोल बोलायचे. तात्या सरळ बोलायचे.

"पमे, पुढचा शिमगा काय मला गाठत नाय," ते फोनवर म्हणाले. "एकदा पालखी दारात नाचताना बघितली असती, म्हणजे मग काय तक्रार नव्हती."

"मी काय करू तात्या इथून?"

"अंकुश नि दत्ता दोघंही तिकडेच येतायत ना? बसव त्यांना एका ठिकाणी. गावात नाय बसायचे. गावात मागे माणसं उभी असतात. तिकडे कोण हाय त्यांच्या मागे?"

कसे जावे

अंकुशदादा, थोरल्या घरचा, चिपळूणच्या शाळेत पीटी शिकवायचा. लांब पल्ल्याच्या सायकल स्पर्धेसाठी तो फ्रान्सला आला होता. दत्ताराम, धाकट्या घरचा, विरारला सिमेंट विकायचा. त्याला सिमेंट कंपनीने इतर व्यापाऱ्यांबरोबर पॅरिस बघायला आणलं होतं. एकाच ऑगस्टमध्ये दोघे. मी दोघांनाही वेगवेगळा फोन केला. समुद्र दाखवते, सायकलवरून, तुझं काम झालं की ये. दुसराही येतोय हे दोघांनाही सांगितलं नाही.

किनाऱ्याजवळच्या कँपेर स्टेशनाच्या फलाटावर त्यांनी एकमेकांना बघितलं आणि दोघांनी मला परतीची गाडी विचारली. गाडी होती. पण सायकलींचं भाडं आगाऊ भरलेलं होतं आणि ते परत मिळणार नव्हतं. अशा बाबतीत भुवडांच्या कुठल्याही घरात मतभेद नसतात.

सायकल मी मुद्दाम निवडली होती. मोटारीत दोघांनाही पुढची सीट लागली असती.

सायकलवरही पुढे कोण हा प्रश्न येतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

निसर्ग

पाठी. एक शर्यतीच्या लाल बनियनमधली, लांब, सरळ. एक सिमेंट कंपनीच्या पांढऱ्या टी-शर्टमधली, रुंद, घामाने भिजलेली. ब्रतान्यचा किनारा मी या दोन पाठींच्या मधून बघितला. कड्यांवर जांभळी आणि पिवळी खुरटी झुडपं, दगडी घरं, निळी झडपं, समुद्राकडे तोंड करून रवंथ करणाऱ्या गाई. ओहोटीला पाणी इतकं मागे सरतं की बंदरातल्या होड्या चिखलात कुशीवर पडून राहतात. वारा समोरून. अंकुशदादा पुढे निघून जायचा. दत्ता शेतातल्या पायवाटांनी आडवा जाऊन त्याच्या पुढे उगवायचा. मग अंकुशदादा त्याला मागे टाकायचा. दोघांपैकी कुणीही समुद्राकडे बघितलं नाही. समुद्र बाजूला होता ना, पुढे नव्हता.

इतिहास

दुआर्ननेच्या बंदरात मी त्यांना सार्डिनच्या जुन्या कारखान्यांबद्दल सांगितलं. मासळी डब्यात भरणाऱ्या बायकांनी शंभरेक वर्षांपूर्वी इथे संप केला आणि मजुरी वाढवून घेतली.

"आणि पुरुष?" अंकुशदादाने विचारलं.

"पुरुष मासे आणायचे."

"म्हणजे पुढारपण पुरुषांचंच की."

पुढच्या एका गावात, प्लूव्हेन त्याचं नाव, रस्त्याकडेला छोटं दगडी देऊळ होतं. आत संत केव्हेनची लाकडी मूर्ती, होडीत उभी. हा संत समुद्रापलीकडून दगडाच्या होडीत बसून आला अशी कथा.

"दगडाची होडी बुडाली कशी नाय?" दत्ता म्हणाला.

"पमे, त्याला सांग, ज्यांच्या जाळ्यात अख्खी देवी सापडली त्यांनी असलं विचारू नये."

देवळातून बाहेर पडताना दत्ताने पायरीला हात लावून कपाळाला लावला. त्याने लावला म्हणून अंकुशदादानेही लावला, दोनदा.

खाणे

मादाम ल बिहानची खाणावळ याच प्लूव्हेनमध्ये. वर दोन खोल्या भाड्याने. घावनाचा (किंवा आंबोळीचा) वाद तिथे पोचलो त्याच दुपारी झाला. संध्याकाळी तिने बर्फावर मांडलेलं ताट आणून ठेवलं.

"कालवं!" दोघं एकदम म्हणाले.

आमच्या आया ओहोटीला खडकांवर उकिडव्या बसून कोयतीने फोडायच्या ती कालवं. इथली तळहाताएवढी, लिंबाच्या फोडीसकट, कच्ची.

"शिजवायची राहिली वाटतं बिचारीची," दत्ता हळूच म्हणाला.

"अशीच खातात इथे."

अंकुशदादाने एक उचललं, डोळे मिटले आणि गिळलं. दत्ताने ते बघितलं आणि दोन गिळली. मग पुढचं काही मी सांगत नाही. ताट रिकामं झालं आणि दत्ता घाईने वर गेला.

मादाम म्हणाली, "फार छान भाऊ आहेत. कसे एकमेकांकडे बघून जेवतात."

स्थानिक उत्सव

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही सायकली बाहेर काढत होतो आणि देवळाच्या बाजूने सूर आला. उंच, चिरत जाणारा, जरा बेसूर.

अंकुशदादाचा हात सायकलच्या घंटेवर थांबला. "सनई?"

"सनईच," दत्ता म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

सनईची लांबची बहीण म्हणावी असं वाद्य. वाजवणारा गाल फुगवून वाजवत होता, शेजारी एक जण काखेत चामडी पिशवी दाबून साथ करत होता. माझ्या दोन्ही भावांचे पाय जागच्या जागी हलायला लागले. आमच्याकडे पालखी यायच्या आधी तसे हलतात.

संत केव्हेनचा वार्षिक उत्सव होता. मूर्ती होडीसकट लाकडी चौकटीवर बसवतात, चौकटीला चार दांडे, दोन पुढे, दोन मागे. चौघांनी खांद्यावर घ्यायची, समुद्राच्या धक्क्यापर्यंत न्यायची. तिथे होड्या उभ्या असतात, त्यांना आशीर्वाद मिळतो. हे सगळं भरतीच्या वेळी. भरती ओसरली की होड्या चिखलात बसतात आणि चिखलातल्या होडीला आशीर्वाद देऊन काय उपयोग?

व्यवस्था मादाम ल बिहानकडे होती. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि चिडली होती. चौघांपैकी दोघं आले नव्हते. एकाच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं कंबरडं धरलेलं. पुढे उरला होता बेकरीवाला, मागे एक म्हातारा कोळी. गावातली तरुण माणसं शहरात.

तिने अंकुशदादाच्या पोटऱ्या बघितल्या. मग दत्ताचे खांदे बघितले.

"तुझे भाऊ कधी असलं काही उचलतात का?"

मी हसले. खरंच हसले. मग सांगितलं.

दोघांचे चेहरे मी आयुष्यात विसरणार नाही. इतक्या वर्षांनी देव खांद्यावर! देव परका, पण देव. दत्ताने घड्याळ काढून खिशात ठेवलं. अंकुशदादाने चपला काढल्या. दोघं चौकटीकडे गेले. पुढे एक जागा, मागे एक जागा.

दोघंही पुढे जाऊन उभे राहिले.

दत्ताची हकिगत (धाकट्या घरी सांगतात ती)

मी पहिला पोचलो होतो. दांड्याला हात माझा आधी लागला. हे मागून आले नि म्हणाले, पुढचा थोरल्या घराचा. मी म्हणालो, पमाताय, त्यांना सांग, इथे कुठलं थोरलं घर? इथे देव समुद्रातनं आलाय. समुद्रातनं आलेला देव धाकट्या घराचा. हे सगळ्या दुनियेला लागू हाय.

अंकुशदादाची हकिगत (थोरल्या घरी सांगतात ती)

तो पहिला पोचला कारण त्याने चपला काढल्या नाहीत. चपलांनिशी देवाला हात लावला. मी त्याला काय बोललो नाय. पमीला म्हटलं, त्याला सांग, मागचाही दांडा देवाचाच असतो. तेव्हा तो म्हणाला, मग तुम्ही धरा.

मी बघितलं ते

दोघांनी एकच दांडा धरला होता. बेकरीवाला बघत होता. म्हातारा कोळी मागे एकटाच आपल्या दांड्यापाशी वाकून उभा होता. वाद्यं पुढे निघून गेली होती.

"काय झालं?" मादामने विचारलं.

"दोघांनाही पुढे राहायचंय."

"का?"

मी सांगायला लागले. तीन घरं, जाळं, पणजोबा. तिने अर्ध्यातच हात वर केला.

"पाणी उतरतंय," ती म्हणाली. मग दोघांच्या मधे घुसली, त्यांचे हात दांड्यावरून काढले, उकळत्या भांड्यावरचं झाकण काढावं तसे, आणि माझ्याकडे वळली. "तू धर."

"मी?"

"तुला खांदा आहे ना?"

"आमच्यात बायका..."

"पाणी उतरतंय!"

मागची जागा तिने स्वतः घेतली. एक, दोन, तीन म्हणाली आणि संत केव्हेन उठला.

जड होता. पहिल्या चार पावलांत दांडा मानेजवळच्या हाडाला लागला. बेकरीवाल्याच्या अंगाला पावाचा वास येत होता. रस्ता उतरता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं आणि निळी फुलं, समोर पाणी, आणि माझ्या पुढे कुणीही नव्हतं. हे मला धक्क्यावर पोचेपर्यंत लक्षात आलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा पाठी दिसत नव्हत्या.

मागे वळून बघता येत नाही खांद्यावर देव असताना. पण आवाजावरून कळत होतं. मिरवणुकीच्या शेवटी तीन सायकली ढकलत दोन मानकरी येत होते. तिसरी सायकल कुणी ढकलायची यावरून त्यांच्यात वाद नव्हता, कारण ती मागे होती.

त्या दोघांनी मधेच कधीतरी फोटो काढले. दोघांनीही, वेगवेगळे. गावात तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नुकतंच आलं होतं. एक फोटो थोरल्या घराच्या ग्रुपवर गेला, खाली मजकूर: बघा, याच्या हट्टापायी काय वेळ आली. दुसरा धाकट्या घराच्या ग्रुपवर गेला. मजकूर तोच.

हवामान

सोमवारी गावाहून वच्छीकाकीचा फोन आला. वच्छीकाकी म्हणजे दत्ताची आई.

"काय केलंस गो पमे? सगळा गाव पेटलाय."

"तात्या कसे आहेत?"

"तात्या बरे हायत. तू ऐक. गावकी बसली काल. थोरलं नि धाकटं एका सतरंजीवर! सतरंजी आणायला कोण जाणार यावरनं पण कोण बोललं नाय. सगळे तुझ्यावर. लग्न झालेली लेक, बाईमाणूस, परक्याचा देव, नि पुढचा दांडा! थोरल्या घरचे म्हणाले, असलं आमच्या सात पिढ्यांत झालं नाय. धाकटे म्हणाले, आमच्या पण नाय. मग गुरवाने कौल लावला."

"आणि?"

"उजवा दिला देवीनं. माफी मागायची. पालखी काढायची नि दारोदार भोवनी करायची, सगळ्या घरांना, सुरुवात मधल्या घरापासनं. ज्या घरातनं चुकी झाली तिथनं पहिली. दोन्ही घरांनी सह्या केल्या नि किल्ली आणली. उद्या निघते."

मी खाली बसले. सायकलीशेजारी, रस्त्यावरच.

"भर पावसात?"

"प्लॅस्टिक घालणार वरनं."

"पुढचा दांडा कुणाकडे, काकी?"

"तेच तर. आता कोणालाच नको. कोणतरी बोललं, माफीच्या पालखीत पुढे असेल तो देवीपुढे पहिला गुन्हेगार. झालं. धाकटे म्हणतात, थोरल्यांचा मान, त्यांनी धरावा. थोरले म्हणतात, छे छे, देवी तुमच्या जाळ्यात आली. शेवटी ठरलं, दर घराला माणसं बदलायची."

मी फोन ठेवला आणि हे दोघांना सांगितलं. आम्ही मंगळवारी सकाळी पुढे निघणार होतो, पण दत्ताला सायकलच्या सीटवर बसणं जमत नव्हतं, साध्या खुर्चीवरही नाही. आम्ही प्लूव्हेनलाच राहिलो.

मंगळवारी दुपारी जेवायला बसलो तेव्हा काकीचा फोन आला. तिच्याकडे संध्याकाळ झाली होती. मी फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. दत्ता उभा राहून जेवत होता. पलीकडे ढोल वाजत होता, प्लॅस्टिकवर पावसाचे थेंब वाजत होते, आणि कुणीतरी ओरडत होतं, "सांभाळ रे, पाय घसरतंय!"

अंकुशदादाने काटा खाली ठेवला.

"दत्ता," तो म्हणाला. थेट त्याला. "पालखी निघाली नि आपण दोघं इकडे काय करतोय रे?"

दत्ताने माझ्याकडे बघितलं, सवयीने. मग त्याच्याकडे. "तुम्ही जेवताय दादा. मी उभा हाय."

ढोल थांबला. गुरवाचा आवाज आला, घसा ताणून.

"बारा वाटेच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"ह्या मधल्या घरची लेक परमिळा, तिनं परमुलखात परक्या देवाला खांदा दिलान, बाईमाणूस असून पुढचा दांडा धरलान..."

"व्हय म्हाराजा!"

आमच्या गावच्या गाऱ्हाण्यात तोवर कधी बाईचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. आईचंसुद्धा नाही.

"तिच्या हातनं काय चुकलं माकलं असंल, ता पोटात घे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" यात एक आवाज वेगळा होता, जवळचा, फाटका, सगळ्यांच्या वर. तात्यांचा. आणि खाणावळीत टेबलाच्या दोन बाजूंनी माझे दोन भाऊही, डोळे मिटून, हात जोडून, "व्हय म्हाराजा." शेजारच्या टेबलावरचं एक जर्मन कुटुंब दचकलं.

मग ढोल पुन्हा, आणि पालखी नाचायला लागली. फोनवर नाच ऐकू येत नाही. पाय चिखलात आपटल्याचे आवाज येतात, माणसं हसतात, ओरडतात. बराच वेळ मी तेच ऐकत होते. मग काकीने फोन तात्यांच्या कानाला लावला.

"पमे, आली गो. दारात आली. तुळशीला दोन फेरे घेतलेन."

"बसा तात्या. उभे राहू नका."

"बसलोय. खुर्चीत बसलोय. भिजलोय."

"तुम्ही किती जोरात ओरडलात, तात्या. माझ्या चुकीवर."

पलीकडे खोकला. बराच वेळ. मग त्यांचा आवाज खाली आला, शेजारच्याला ऐकू जाऊ नये इतका.

"मग? ओरडणार नाय? आता ऐक. पुढच्या वर्षी परत करशील ना गो?"

मादाम टेबल पुसायला आली होती. तिने फोनकडे बोट दाखवलं. "वडील? काय म्हणतायत?"

"विचारतायत, पुढच्या वर्षी तुम्हाला माणसं लागतील का."

"लागतील तर. तो खुबेवाला काही परत उभा राहत नाही." तिने फडकं खांद्यावर टाकलं. "पुढे की मागे?"

तेवढं फ्रेंच एव्हाना दोघांनाही कळत होतं. दत्ताचा घास तोंडाजवळ थांबला. अंकुशदादाने खुर्ची मागे सरकवली.

"पुढे," मी म्हटलं.